उशा किती?

आमच्या कॉलनीत नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे बाहेरगावच्या माणसाला सांगायची मला लाज वाटते. पण ज्या दिवशी येतं, त्या दिवशी आधी आवाज येतो. जिन्याखालचा पाइप थरथरतो, मग भिंतीतून एक लांब ‘श्श’ वर चढत जातो आणि साऱ्या गल्लीत बादल्यांची पळापळ सुरू होते. मी मात्र तो आवाज ऐकत जागच्या जागी उभी राहते. घरचे म्हणतात, हिला नेमकी पाण्याच्या दिवशीच तंद्री लागते. लागते खरी. त्या आवाजात मला साळवे सिस्टर ऐकू येतात. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

वाळूजच्या रस्त्याला, कंपन्यांच्या बसगाड्या वळतात त्या चौकाच्या अलीकडे एक लहानसं प्रसूतिगृह आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर सिस्टर तिथं दुपारच्या बसायच्या. डॉक्टरीणबाई येईपर्यंत वजन, बीपी, नाडी बघून ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. ठेंगण्या, सावळ्या, पांढरी साडी, पायात पुरुषी कातडी चपला. गळ्यातल्या स्टेथोस्कोपची एक नळी चिकटपट्टीनं बांधलेली. नवा घ्या म्हटलं की म्हणायच्या, “ह्याला माझे कान ठावं हायेत. नव्याला शिकवत कोण बसंल?”

त्या खोलीतली दुपार मला अजून अधूनमधून स्वप्नात दिसते. हिरव्या पडद्यांतून गाळून आलेला उजेड, फिनेलचा वास, खिडकीच्या पत्र्यावर घुमणारी कबुतरं. बाकावर ओळीनं पोटुश्या बाया बसलेल्या, कुणी पेंगत, कुणी चिंच चघळत. डोक्यावर पंखा गरगरतोय. आणि मग आतून आवाज यायचा, “पंखा बंद करा!”

मे महिना असो, बाहेर डांबर वितळत असो, सिस्टरांनी कुणाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की पंखा बंद झालाच पाहिजे. खोलीतलाच नव्हे, बाहेरच्या बाकांवरचासुद्धा. बाया कुरकुरायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. पंख्याची पाती हळूहळू मंदावायची, एकेक वेगळी दिसायला लागायची, थांबायची. मग अशी शांतता पसरायची की कबुतरंही गप्प झाल्यासारखी वाटायची. सिस्टर डोळे मिटून ऐकत बसायच्या. इतका वेळ ऐकायच्या, की एका बाईनं एकदा त्यांना हलवून विचारलं होतं, “सिस्टर, झोप लागली का काय?” एक डोळा उघडून त्या म्हणाल्या, “तुझं हृदय गोष्ट सांगायलंय माय. मधी नगं बोलू.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती जीव मुठीत धरूनच.

मी एका कंपनीत माल तपासायचं काम करते. लोखंडी भाग उचलायचा, गेजच्या भोकात घालून बघायचा. बसला तर पुढं, केसभर जरी जाड निघाला तरी लाल डब्यात. दहा वर्षं हेच केल्यामुळं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: जे मापापेक्षा वेगळं, ते बिघडलेलं. पाचव्या महिन्यात कंपनीतल्या तपासणीला आलेल्या एका तरुण डॉक्टरनं माझ्या छातीला नळी लावली, भुवया चढवल्या आणि म्हणाला, “हृदयात थोडा आवाज येतोय. दाखवून घ्या कुणाला तरी.” एवढं बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला. माझं हृदय लाल डब्यात पडलं, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

भीतीला कारणही होतं. माझं माहेर फर्दापूरचं. आई पाण्याची कळशी घेऊन येताना वाटेत दोनदा थांबायची, उंबऱ्यात बसून धापा टाकायची. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर ती उठलीच नाही. मी नऊ वर्षांची होते. बाया म्हणायच्या, “तिचं काळीजच कच्चं होतं.” ते वाक्य मी माझ्यासोबत सासरी घेऊन आले होते. दिवस गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मी एका वहीत एक पान लिहून ठेवलं होतं. वर मथळा: ‘मी नसले तर’. बाळाची दुपटी कुठं ठेवलीत, त्याला कुणाकडं ठेवावं, आईचा फोटो कोणत्या ट्रंकेत आहे. नवऱ्यालाही ते पान माहीत नव्हतं. जिना चढताना छाती धडधडली की मला आई उंबऱ्यात बसलेली दिसायची.

हे सगळं मी सिस्टरांना सांगितलं. म्हणजे आवाजाचं सांगितलं, आईचं सांगितलं, पानाचं नाही. सोबत माझ्या सासूबाई होत्या, आत्याबाई. पंखा बंद झाला. सिस्टरांनी ऐकलं. समोरून, पाठीतून, डाव्या कुशीवर वळवून. नाडी धरली. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला. मग विचारलं, “तुमच्या घरी पाणी येतं त्या दिवशी पाइप वाजतो का?”

मला वाटलं, त्या आमचा पत्ता विचारतायत. म्हटलं, “वाजतो की.”

“फुटलाय म्हणून वाजतो?”

“नाही. जोर असतो म्हणून.”

“मंग! कामून घाबरायलीस? तुझं रक्त दीडपट व्हायलंय. दरवाजे त्येवढेच आन पाणी दीडपट, वाजंल नाय तर काय करंल? आन शरीर लई शहाणं आस्तं माय. आधी साऱ्या नळ्या सैल करतं, मंग पाणी सोडतं. म्हणून तर ह्या महिन्यांत बीपी जरा उतरतं. हृदय जरा मोठं व्हतं, जरा जोरात पळतं. पोट वाढलेलं दिसतं, म्हणून त्याचं सारे कौतुक करतेत. हृदय बी वाढतं, पण त्येचं डोहाळजेवण कुणी करीत नाय.”

मी हसले. कित्येक आठवड्यांनी हसले असेन. सिस्टर माझ्या कार्डाचा कोपरा भरायला लागल्या. त्यांच्याकडच्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईनं ‘उ’ आणि पुढं एक आकडा असायचा. मान वर न करता त्यांनी विचारलं, “उशा किती?”

हा प्रश्न त्या कुणालाही विचारायच्या हे मला नंतर कळलं. भाचीच्या लग्नात वरमाईशी पहिल्यांदाच बोलताना, ती जरा धापा टाकतेय असं दिसल्यावर, त्यांनी ‘जय भीम’ घातला आणि लगेच दुसरं वाक्य, “उशा किती घेता?” मुलाकडच्यांना वाटलं, रुखवतात काही कमी पडलं. पण त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि आत्याबाईंना तर नव्हतंच. त्यांच्या मानी कानाला तो प्रश्न सरळ घरदाराची चौकशी वाटला. सुनेला नीट ठेवतात की नाही, हे ही बाई उशांवरून ताडतेय!

आत्याबाई ताठ झाल्या. “तीन,” त्या म्हणाल्या. “चांगल्या कापसाच्या. आमच्या घरी कशाची कमी नाय.”

सिस्टरांचं पेन थांबलं. “कवापासून?”

“पाचवा लागला तवापासून! मी सोता जाऊन आणल्या.”

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मघाची मिस्कील बाई कुठल्या कुठं गेली. त्यांनी पुन्हा पंखा बंद करायला लावला, पुन्हा पाठीतून ऐकलं, मग उठल्या, आत जाऊन फोन केला आणि चपला घालत म्हणाल्या, “चल. आत्ताच्या आत्ता इको करू.”

खरं सांगायचं तर मी एकाच उशीवर झोपत होते. बाकीच्या दोन, आत्याबाईंनी हौसेनं आणलेल्या, प्लास्टिकसकट कपाटात होत्या. पण सासूला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, एवढं मला माहेरी शिकवलेलं होतं. आणि उशांचा हृदयाशी काय संबंध, हे मला कुठून कळणार? मला एवढंच दिसलं की ह्या बाईचा चेहरा उतरलाय, म्हणजे आपलं संपलं. रिक्षात मी वहीतलं ते पान आठवत बसले. दुपट्यांचं लिहिलं होतं, झबल्यांचं राहिलं होतं.

इकोच्या खोलीत अंधार होता. मला डाव्या कुशीवर निजवलं, छातीवर थंड जेल लावलं आणि पडद्यावर माझं हृदय उमटलं. मी त्याला कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. करड्या धुक्यात ते उघडत होतं, मिटत होतं. दोन नाजूक पडदे हात जोडल्यासारखे जवळ यायचे, पुन्हा सुटायचे. घाईत होतं, पण घाबरलेलं नव्हतं. कामाला लागलेल्या बाईसारखं, कुणाकडं न बघता, आपल्याच नादात. मी त्याला पाच महिने शिव्या घातल्या होत्या, आणि ते बिचारं दोन जीवांचं काम मुकाट करत होतं. माझे डोळे भरून आले. आईचं हृदय असं कुणीच पाहिलं नाही, हेही त्याच वेळी मनात आलं.

“सगळं छान आहे,” डॉक्टर म्हणाले. “झडपा चांगल्या आहेत. किंचित मोठं झालंय, या दिवसांत होतं तेवढंच.”

“नीट बघा,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तीनदा बघायला लावलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली एक बाक होतं. तिथं बसल्यावर त्यांनी मला विचारलं, “इमानानं सांग. मंग तीन उशा कामून लागतेत तुला?”

आता आत्याबाई जवळ नव्हत्या, त्या प्रसूतिगृहातच थांबल्या होत्या. मी कपाटातल्या उशांचं सांगितलं.

सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, खांदे गदगदले, आणि मला उशिरा कळलं की त्या आता हसत नाहीयेत.

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. सोयगावकडच्या एका खेड्यात त्या नव्यानं लागल्या होत्या. उपकेंद्राची एकच खोली, लसीकरणाचा दिवस, दारात गर्दी. एक पहिलटकरीण आली. सातवा महिना. कापूस वेचणारी, हातांना बोंडांचे ओरखडे. दबक्या आवाजात काहीतरी म्हणाली. सिस्टरांनी सुई भरता भरता अर्धंमुर्धं ऐकलं आणि म्हणाल्या, “होतं असं.” ती मान हलवून गेली.

“ती म्हणाली व्हती, आडवं झालं की जीव घुसमटतो, भिंतीला टेकून बसावं लागतं. हे मला नंतर तिच्या सासूनं सांगितलं. बायांना दम लागतो, धडधडतं, ते आस्तंच. पण आडवं व्हता येत नाय, उशांवर उशा रचून बसून ऱ्हावं लागतं, ते तसलं नस्तं माय. त्यो आजार व्हता. जीपमधी घालून शहराकडं आणायले, वाटंतच गेली.” सिस्टर लिंबाकडं बघत होत्या. “तिनं सांगितलं व्हतं गं मला. मलाच ऐकू आलं नाय. त्या खोलीतला पंखा लई खडखडायचा.”

लिंबाचा बारीक मोहोर आमच्या मांडीवर गळत होता. शेवटी त्या उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, “सासूला काय बोलू नगं. लई मायेनं आणल्या असत्याल. एक पोटाखाली घे.”

त्यानंतरचे महिने मला एकाच लांब दुपारसारखे आठवतात. शिफ्ट सुटली की बस मला त्या चौकात सोडायची. सिस्टर हाक मारायच्या, “ये गं गेजवाले!” हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मला डाव्या कुशीवर निजवायच्या. उताणी झोपले की घेरी येते, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, “येनारच. पोटाचं वजन रक्ताच्या मोठ्या वाटंवर पडतं. जरा कुशीवर हो, वाट मोकळी कर.” मग पंखा बंद करून, आधी स्वतः ऐकून, त्या स्टेथोस्कोप माझ्या कानात घालायच्या. ही त्यांची पद्धतच होती. स्वतःचं हृदय ऐकल्याशिवाय त्या कुठल्याही बाईला घरी सोडत नसत. डॉक्टरीणबाई उशीर होतो म्हणून चिडायच्या. सिस्टर म्हणायच्या, “बाळाचे ठोके साऱ्यांना ऐकवता. तिचे तिला कोण ऐकवनार?”

मी ऐकायची. दोन ठोके, आणि त्यांच्या मधे तो बारीकसा ‘श्श’. पाणी आल्यासारखा. महिन्यामागून महिना ठोके जवळ जवळ येत गेले. पडद्याचा हिरवा उजेड डोळ्यांवर पडलेला, घाम मानेवरून ओघळतोय, आणि कानात आपलंच कुणीतरी लांबून चालत येतंय. कितीदा तरी मला तिथंच झोप लागली. सिस्टर उठवायच्या नाहीत. बाहेरच्या बायांना सांगायच्या, “थांबा जरा. गेजवालीचं ऐकणं चाललंय.”

एकदा मी त्यांना वहीतल्या त्या पानाचं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, “फाडू नगं. मागची बाजू कोरी हाय ना?”

मुलगी झाली. दीड महिन्यानं तिला घेऊन मी दाखवायला गेले. पंखा बंद झाला, सिस्टरांनी ऐकलं आणि स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. ठोके सावकाश होते. मधला ‘श्श’ नव्हता.

“गेला,” त्या म्हणाल्या. “रक्त उतरलं. हृदय आता हळूहळू आपल्या मापावर यायलंय.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण कुणीतरी निरोप न घेता गेल्यासारखं वाटलं. मी तसं म्हटलं तर सिस्टर कितीतरी वेळ माझ्याकडे बघून हसत राहिल्या. घरी येऊन मी वही काढली आणि त्या पानाच्या मागच्या बाजूला मुलीच्या लसींच्या तारखा लिहिल्या.

तीन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. सिस्टरांनी तोवर काम सोडलं होतं. त्या सिडकोत भाचीकडे राहायच्या. सहाव्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, मी त्यांना भेटायला गेले. भाची कुठं बाहेर गेली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली ताज्या शेवंतीची फुलं. सिस्टर खुर्चीत बसूनच होत्या. उठल्या नाहीत, नुसता हात पुढं केला.

“आलीस? बस. कितवा?”

“सहावा.”

त्यांचे डोळे लकाकले. टेबलाच्या खणातून तोच चिकटपट्टीचा स्टेथोस्कोप काढायला लावला. मी खुर्चीजवळ जमिनीवर गुडघे टेकून बसले. त्यांनी वर बोट केलं. मी उठून पंखा बंद केला आणि पुन्हा येऊन बसले.

त्यांनी डोळे मिटले. बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं, तेही थांबलं. “आलं गं पानी,” त्या पुटपुटल्या. “लई झ्याक.”

त्या माझं हृदय ऐकत होत्या, आणि पंखा बंद असल्यामुळं मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. आखूड, वरवरचा, प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक घरघर. माझी नजर खाली गेली. कातडी चपला बाजूला पडल्या होत्या. चपला चढत नसाव्यात, पाय इतके सुजले होते. मग मी खिडकीजवळच्या पलंगाकडे बघितलं. भिंतीला टेकवून उशा रचलेल्या होत्या. मी मोजल्या. माझं कामच ते आहे.

“सिस्टर,” मी म्हटलं, “उशा किती?”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघितलं. “वय झालं आता,” त्या म्हणाल्या. “होतं असं.”

ते शब्द त्या बंद खोलीत आम्हा दोघींनाही ऐकू आले. सिस्टरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपल्याच तोंडातून कुणी दुसरंच बोलावं, तशा त्या दचकल्या. मग त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “चार. कवाधरनं ते बी सांगते, दिवाळीपासून. भाचीला घाबरवायचं नव्हतं. रिक्षा बोलाव, गेजवाले.”

औषधं लागू पडली. चाराच्या तीन झाल्या, तिनाच्या दोन. माझ्या मुलाचं बारसं त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं आणि आलेल्या निम्म्या बायांना उशांचं विचारलं. आत्याबाईंनी त्यांना दोन उशा भेट दिल्या, त्याच, कपाटातल्या, अजून प्लास्टिकमधल्या. सिस्टरांनी त्या ठेवून घेतल्या आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. त्यानंतरचं एक वर्ष त्यांना मिळालं, हे मी माझ्या मनाला सांगत असते.

पण मला त्या दिसतात त्या बारशातल्या नाही, त्या रविवारच्या दुपारच्या. दवाखान्यात त्यांना तिरप्या खाटेवर बसवलेलं होतं. गर्दीची खोली, चार खाटा, नातेवाइकांचा कलकलाट. एक तरुण डॉक्टर आला, स्टेथोस्कोप कानात घातला आणि त्यांच्या छातीला लावला. सिस्टरांनी बोट वर केलं. त्याला कळेना. तो म्हणाला, “काय आजी, दुखतंय का?” त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बोट वर केलं.

मी माझं सहा महिन्यांचं पोट सावरत उठले, दारापाशी गेले आणि बटण दाबलं. पंखा मंदावला. पाती एकेक वेगळी दिसायला लागली. खोलीतली माणसं काय झालं म्हणून वर बघत गप्प झाली. सिस्टरांनी डोळे मिटले, आणि डॉक्टर ऐकायला लागला.